फेसातलं घरटं

नीलाने पाइप उचलला तो फेस धुवायलाच. मागच्या अंगणात तिच्या नवऱ्याने, पद्माकरांनी, निवृत्तीनंतर हौसेने एक छोटं तळं खणलं होतं. त्यावर झुकलेल्या कर्दळीच्या पानाला मूठभर पांढरा फेस चिकटला होता.

"साबणाचं पाणी उडालेलं दिसतंय," ती पुटपुटली.

कुंपणापलीकडून शेजारच्या मथुराअक्का ओरडल्या, "स्वल्प थांब गं! साबण नव्हे तो. कप्पेचं घर आहे. आत अंडी असतात."

"बेडकाची अंडी? पानावर?"

"झाडावरचा बेडूक तो. आमच्या चामराजपेटच्या विहिरीवर दर पावसाळ्यात बघायचो आम्ही. मागच्या पायांनी घुसळून फेस काढते मादी, ताक घुसळावं तशी. पिल्लं झाली की खाली पाण्यात पडतात."

नीलाने पाइप खाली ठेवला. बेडकांची तिला किळस यायची, तरी ती वाकून बघत राहिली. फेस वरून सुकून त्याला पापुद्रा आला होता. जिने तो केला ती कुठे दिसेना.

पद्माकर आले. चाळीस वर्षं विमानांचे सुटे भाग तपासलेला माणूस तो. पानाचा देठ, उतार, खालचं पाणी, सगळं निरखून म्हणाले, "बरोबर पाण्यावर. एक वीतही इकडेतिकडे नाही."

"अहो, पण तळ्यात मासे आहेत तुमचे! पिल्लं पडली की गट्टम करतील."

हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. नीलानेच साडी खोचली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि पिठाच्या चाळणीने मासे पकडून टबात सोडले. त्यात अख्खी दुपार गेली.

पाचव्या दिवशी सकाळी फेस ओला, सैल झाला होता. त्यात काहीतरी वळवळत होतं. नीलाने अक्कांना हाक मारली. तिघंही काठावर उकिडवी बसली.

एक थेंब लोंबला, लांबला आणि पाण्यात पडला. थेंबाला शेपटी होती. तो क्षणभर निपचित राहिला, मग सुळकन पोहत गेला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. मग तर सरच लागली.

नीलाने पाण्यात ओंजळ धरली. एक जीव तिच्या हातात आला. तांदळाच्या दाण्याएवढा, आणि जवळजवळ आरपार दिसणारा.

"याला कुणी शिकवलं हो पोहायला?" तिने विचारलं.

मथुराअक्कांनी नुसते हात जोडले.

नीलाने ओंजळ हळूच उघडली.