बारावा दगड

मुद्रितांच्या एकशे चाळिसाव्या पानावरच्या दोन ओळींवर विनिफ्रेड थेअरने लाल पेन्सिलीने काट मारली आणि त्यांच्या जागी सात टिंबं दिली. पाकीट चिकटवलं, कोट चढवला आणि ती अल्डो पेद्रोनीच्या दगडाच्या कारखान्याकडे चालू लागली.

तिचे स्वतःचे तीन कवितासंग्रह निघाले होते. ते कुणी वाचले देव जाणे. व्हरमाँटमधल्या तिच्या गावच्या वाचनालयातही त्यांच्या प्रती अजून कोऱ्या करकरीत आहेत. नाव झालं ते एका जुन्या रोमन कवीच्या अनुवादामुळे. त्या लॅटिन पोथीत एक जागा उंदरांनी खाल्लेली. अशा जागी टिंबं द्यायची, हा अनुवादकांचा रिवाज. पण ते पान हातात आलं त्याच आठवड्यात तिची आई गेली, आणि टिंबं द्यायला तिचा हात धजेना. तिने पदरच्या दोन ओळी घातल्या आणि कुणाला सांगितलं नाही.

दार लोटून ठेवा, कडी नको.
गेलेल्यांनाही घरची वाट पाठ असते.

लोकांनी नेमक्या त्याच उचलल्या. मर्तिकाला वाचल्या, थडग्यांच्या दगडांवर कोरून घेतल्या. आता चाळीस वर्षांनी नवी आवृत्ती निघत होती. तिची संपादक, पोरगी हुशार, फोनवर म्हणाली, "या दोन ओळी मूळ लॅटिनमध्ये सापडत नाहीत हो."

"नाहीतच त्या. काढते," विनिफ्रेड म्हणाली. लबाडी ती लबाडी. पण फोन ठेवल्यावर तिला रडू आलं.

अल्डो छिन्नीला धार लावत होता. शाळेत तो तिच्या लॅटिनच्या वर्गात दोनदा नापास झालेला.

"या बाई. परीक्षा घ्यायला आलात की काय?"

"माझा दगड सांगायला आले. घाई नाही, अजून धडधाकट आहे."

तिने कागद पुढे केला. वाचून तो हसला.

"पुन्हा हेच? गावात अकरा दगडांवर हेच कोरलंय मी. तुम्ही एवढ्या कवयित्री, आणि मेल्यावरही उसनवारी? स्वतःचं काहीतरी द्या की."

विनिफ्रेडने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"हेच हवंय."

"बरं, तुमचा दगड, तुमची मर्जी." त्याने पाटीवर खडूने आखणी केली. वर तिचं नाव, मधे ओळी, खाली एक रेघ. "आणि इथे नेहमीसारखं त्या रोमनबुवांचं नाव."

"ते नको."

"का? ओळी कुणाच्या ते कळायला नको?"

"वर माझं नाव आहे ना. तेवढं पुरे."

अल्डोचा खडू थांबला. त्याने आधी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाई, मग त्या अकरा दगडांचं काय करायचं?"

"राहू दे तिथे त्याचं नाव. इतकी वर्षं त्याने त्या ओळी सांभाळल्या."

अल्डोने खालची रेघ अंगठ्याने पुसली आणि वरचं नाव जरा मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिलं.