त्या शुक्रवारी मी अडले नाही

माझा आवाज तुम्ही कधी ऐकला नसेल. जन्मभर मी एकच शब्द बोलत आले, 'खट्'. मी विधानसभेच्या सभागृहाच्या मोठ्या दाराची पितळी कडी. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड. आज मात्र मनातलं सगळं सांगून टाकते. जी एक गोष्ट मी अगदी चोख केली, तीच मला अजून बोचते आहे.

एका ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. माझ्याबरोबर माझा कोयंडाही ओतला गेला, म्हणजे आमची गाठ जन्माआधीच बांधलेली. ओताऱ्याने मला दहा वेळा सरकवून पाहिलं, कानसीने कडा घासल्या आणि कागदात गुंडाळलं. मला वाटलं, आता आपण एखाद्या घरी जाणार. मुलं टाचा उंचावून मला काढायला बघतील, हात भरलेले असले की घरातली सून मला कोपराने सारेल. घरच्या कडीला दिवसातून वीस वेळा कुणाचा ना कुणाचा हात लागतो. माझ्या नशिबी आलं दोन पुरुष उंचीचं सागवानी दार आणि महिनोन्‌महिने नुसतं लटकणं.

कारण मला काम फार क्वचित पडायचं. सभागृहातली बहुतेक कामं आवाजावर चालतात. अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी 'होय' म्हणावं, विरोधात असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. कितीतरी जण हातातला कागद न वाचता शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून 'होय' म्हणतात, हे दारावरून छान दिसतं. पण कुणी उठून म्हणालं, "आम्हाला मोजणी हवी," की घंटा वाजू लागते. मोजून तीन मिनिटं. चहाच्या खोलीतून, वाचनालयातून, बागेतून आमदार धावत येतात. घंटा थांबली की दार लोटायचं आणि मला कोयंड्यात सारायचं. मग बाहेर राहिलेला कितीही मोठा माणूस असो, मोजणी संपेपर्यंत त्याला आत येता येत नाही.

एका वर्षी भिंती रंगवल्या, तेव्हा रंगाऱ्याने मला झाकलं नाही. रंग कोयंड्यात गेला आणि वाळून बसला. त्यातच दार जवभर खाली आलं. तेव्हापासून मी अडू लागले. पहिल्या धक्क्याला अर्ध्यात थांबायचे, दुसऱ्याला करकरायचे, तिसऱ्याला कशीबशी आत शिरायचे. तेवढ्या वेळात दोन-तीन माणसं सहज आत सटकायची. हळूहळू सगळ्यांना ते ठाऊक झालं. चहाच्या खोलीत घंटा ऐकून कुणी उठलं, की दुसरा म्हणायचा, "बसा हो, कप तर संपवा. कडी अडते."

घंटेची तीन मिनिटं आणि कडीचं अर्धं, असा हिशेब सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

दारावर एक काका होते. सव्वीस वर्षं त्याच दारावर. पांढरा गणवेश, खिशात चष्मा आणि जेवणाच्या डब्याची किल्ली. रोज सकाळी ते रुमालाने मला पुसायचे आणि पुटपुटायचे, "चल बाई, आज लाज राख." मी काही लाज राखायचे नाही.

काकांची मुलगी दूर डोंगरातल्या एका गावात शिक्षिका होती. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी तिला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. गावात सरकारी दवाखाना होता, पण त्याला कुलूप होतं. नर्स आठवड्यातून तीन दिवस यायची. तालुक्याला नेईपर्यंत तीन तास गेले. मुलगी वाचली, बाळ राहिलं नाही. काकूंनी तिला म्हटलं, "आता सोड ते गाव आणि इकडे ये." ती म्हणाली, "आई, मी येईन गं. माझ्या शेजारणींनी कुठे जायचं?"

हे काकांनी एकदा दारात उभं राहून सिस्टरांना सांगितलं. सिस्टर म्हणजे एक आमदारबाई. निवडून येण्याआधी त्या बावीस वर्षं नर्स होत्या, म्हणून सगळं सभागृह त्यांना सिस्टरच म्हणायचं. त्यांनी एक विधेयक लिहून आणलं होतं. डोंगरातल्या प्रत्येक दवाखान्यात चोवीस तास नर्स हवी, एवढंच त्यात होतं. पण ते सरकारचं विधेयक नव्हतं, एका साध्या सदस्याचं होतं. अशांना फक्त शुक्रवारची दुपार मिळते, आणि शुक्रवारी दुपारी प्रत्येकाला घर दिसत असतं. चार अधिवेशनं ते विधेयक मागे ढकललं गेलं. या खेपेस मात्र शुक्रवारच्या यादीत त्याचा पहिला नंबर लागला.

काकूंनी ते ऐकलं त्या दिवशी देवापुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "हे मंजूर होईपर्यंत माझ्या चहात साखर नाही." गोडाची एवढी आवड असलेली बाई, पण बोलली ती बोलली.

आणि तो आठवडा उजाडला.

सोमवारी एका सरकारी विधेयकावर मोजणी झाली. मी नेहमीसारखी अडले. तेवढ्यात सरकारकडचे दोन आमदार धापा टाकत आत घुसले. विरोधकांनी एकच गलका केला. अध्यक्ष उभे राहिले आणि भर सभागृहात काकांना म्हणाले, "दारावर कडी आहे की सबब? पुन्हा असं झालं तर दारावर दुसरा माणूस येईल."

काकांचे कान लाल झाले. सव्वीस वर्षांत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं.

मंगळवारी ते दुरुस्ती विभागात गेले. तिथला कारकून म्हणाला, "अर्ज द्या. अधिवेशन संपल्यावर बघू."

"अधिवेशन संपल्यावर मला कडी कशाला लागेल?"

"मग तर घाईच नाही," कारकून म्हणाला आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

बुधवारी काका घरून एक छोटी तेलाची कुपी घेऊन आले. काकूंच्या शिवणाच्या मशीनची. काकूंनीच काढून दिली होती, "हे न्या. हलकं असतं, आतपर्यंत जातं." दुपारी सभागृह जेवायला उठलं, तेव्हा काकांनी कानस घेतली आणि कोयंड्यातला तो जुना रंग कणाकणाने खरवडून काढला. बिजागरीखाली पातळ चकती सरकवून दार उचललं. मग तेल सोडलं. खरं सांगते, इतक्या वर्षांनी मला अंग मोकळं झाल्यासारखं वाटलं. एका बोटाने मी सरकत होते. काका चार वेळा मला पुढेमागे करून एकटेच हसले.

गुरुवारी सहा ठराव झाले, सगळे आवाजावर. मोजणी कुणी मागितली नाही, घंटा वाजली नाही. त्यामुळे मी सुधारले आहे हे काका आणि मी सोडून कुणालाच कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी मास्तर आले. हे सगळ्यांत वयस्कर आमदार. पूर्वी शाळेत शिकवायचे. गुडघे दुखायचे, हातात काठी. सिस्टरांच्या विधेयकाला त्यांच्याइतका भक्कम आधार कुणाचा नव्हता. आत शिरताना रोज ते मला काठीने हळूच टोचायचे. तसंच टोचून म्हणाले, "काय बाई, आज अडणार ना आमच्यासाठी?"

काका हसले. सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण मागे रांग होती, पुढच्याचा पास बघायचा होता. राहून गेलं. त्या एका राहून गेलेल्या वाक्याची सर पुढे हजार वाक्यांना आली नाही.

दुपारी विधेयक चर्चेला आलं. मास्तर त्यावर चाळीस मिनिटं बोलले. "माझ्या वर्गात पटावर नाव चढायच्या आधीच गेलेली मुलं मला ठाऊक आहेत," असं म्हणाले, तेव्हा घड्याळ बघणारेही त्यांच्याकडे बघू लागले. बोलून त्यांचा घसा कोरडा पडला. दुसरे लोक बोलू लागले, तसे ते चहाच्या खोलीत जाऊन बसले. ती खोली वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला.

मग सिस्टरांनी मोजणी मागितली. घंटा सुरू झाली.

लोक येत गेले. पहिलं मिनिट, दुसरं मिनिट. सिस्टर बाकावरून वळून दाराकडे बघत होत्या. काकाही वऱ्हांड्यात डोकावत होते. तिसरं मिनिट अर्धं झालं, तेव्हा लांबून काठीचा आवाज आला. टक्, टक्. घाई नव्हती त्या आवाजात. त्यांच्या हिशेबाने अजून वेळ होता.

घंटा थांबली. समोर अध्यक्ष बघत होते. काकांनी दार लोटलं आणि सवयीने पूर्ण जोर लावून मला ढकललं, तीन धक्क्यांचा जोर एकात. मी अडायला हवं होतं. मनापासून अडायचा प्रयत्न केला. पण पितळाला मन असून काय उपयोग, त्याला तेल लागलेलं होतं. एका दमात मी आत गेले. खट्. जोर फुकट गेल्यामुळे काका दारावर आपटले.

दुसऱ्या क्षणी बाहेरून काठी दारावर वाजली.

"अरे, मी आलोय. उघड."

"मास्तर, घंटा थांबली," काका दाराला तोंड लावून म्हणाले.

"अशी कशी लागली कडी? ती तर अडते."

"मी... मी तेल घातलं मास्तर. बुधवारी."

एका बाजूने मास्तरांचा तळवा दारावर टेकलेला, दुसऱ्या बाजूने काकांचं कपाळ, आणि मधे मी.

मोजणी झाली. बाजूने अठ्ठावन्न, विरोधात अठ्ठावन्न. समसमान झालं की अध्यक्षांनी आपलं मत द्यायचं असतं, आणि जे आहे ते तसंच राहू द्यावं या बाजूला ते द्यायचं, असा तिथला रिवाज. अध्यक्षांनी ते दिलं. आवाज थोडा खाली करून दिला, एवढं मी त्यांच्याबद्दल सांगेन. विधेयक पडलं.

काकांनी मला काढलं. मास्तर बाहेरच उभे होते, आत यायला तयार नव्हते. सिस्टर कागद छातीशी धरून त्यांच्यापाशी गेल्या.

"मला चार शिव्या घाल," मास्तर म्हणाले.

"घालीन. पुढच्या वर्षी विधेयक आणलं की घालीन. तोवर दारात स्टूल टाकून बसायची सवय करा," सिस्टर म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. काकांना मान वर करता येत नव्हती. "काका, तुमचं काम तुम्ही चोख केलंत. त्यात चूक नाही."

चूक नाही हे ऐकून काकांना रडू आलं.

पुढच्या सुट्टीत सभागृहाच्या दारांना विजेची कुलपं बसली. बटण दाबलं की लागतात, ती अडत नाहीत आणि कुणाला ओळखतही नाहीत. मोडीत जाणाऱ्या सामानातून काकांनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं. या खेपेस मात्र कारकुनाने अर्जावर लगेच सही केली.

आता मी काकांच्या स्वयंपाकघरात, डब्यांच्या कपाटाला आहे. लहानपणी वाटलं होतं तशी घरची कडी झाले, पण ही अशी. इथे आले त्या दिवशी काकूंनी मला कोमट पाण्याने धुतलं. चकाकी आली तशा म्हणाल्या, "तेल मीच दिलं हो. आतपर्यंत जातं म्हणून कौतुकाने दिलं."

"दिलंस तू, घातलं मी," काका म्हणाले. "आणि सकाळी मास्तरांना सांगितलं नाही तेही मीच."

"मास्तरांनी तरी घंटेला उठायला नको का?"

"नेहमी चालायचं गं. त्यांचं काय चुकलं?"

दोघं असे बराच वेळ दोष वाटून घेत राहिले. काकूंनी देवाला मात्र बोल लावला नाही. त्या म्हणाल्या, "त्याने तीन मिनिटं दिली होती. जास्तीची आपणच धरून चाललो." मग त्यांनी चहा केला आणि बिनसाखरेचा प्यायल्या.

त्याला वर्ष होऊन गेलं. साखरेचा डबा माझ्यामागे, वरच्या फळीवर असतो. काकांसाठी काकू रोज मला सारून तो काढतात, एक चमचा घालतात आणि परत ठेवतात. चमचा स्वतःच्या कपावर कधी झुकवत नाहीत. मुलगी अजून त्याच गावात शिकवते. दवाखान्याला अजून तीन दिवस नर्स आणि चार दिवस कुलूप.

आज शुक्रवार आहे. सिस्टरांचं विधेयक आज पुन्हा यादीत आहे. काका सकाळी गणवेश घालताना सांगत होते, मास्तरांनी कालच निरोप पाठवला, "स्टूल लागेल. चहा दारातच पाठवा." काकू हसल्या. काका गेल्यावर त्यांनी मला सारलं, साखरेचा डबा बाहेर काढला आणि झाकण न उघडता टेबलावर ठेवला. संध्याकाळी तो उघडेल किंवा परत माझ्यामागे जाईल. काकू दोन्हीला तयार दिसतात. आत्ता त्या मशीनवर बसून कसलीशी लहान झबली शिवताहेत. कुणासाठी, ते मला माहीत नाही. कदाचित त्यांनाही नसेल.

माझं काय, मी आता अडत नाही, अडून कुणाला उपयोगही नाही. एवढंच मागते, कुठल्या दाराची कडी अडते म्हणून तुम्ही निवांत बसू नका. कुणीतरी भल्या मनाने तिला कधी तेल घालेल, सांगता येत नाही. घंटा वाजली की कप तसाच ठेवा आणि उठा.