माझ्या यादीत नसलेली चौकट

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे, पण चहाची नव्हे. एका दवाखान्याच्या वेबसाइटवर दिवसभर जे घडतं, त्याच्या नोंदी 'लॉग' नावाच्या फाइलमध्ये आपोआप होतात. त्या माझ्यातून गाळून जातात. पासवर्ड, आजार असं खासगी काही आलं की मी त्यावर फुल्या मारते. वाचता मला सगळं येतं, पण झाकता येतं ते फक्त फॉर्ममधल्या ज्या चौकटींची नावं माझ्या यादीत आहेत, त्यांच्यातलं.

मला प्रोग्रामर ताईंनी घडवलं. सहा वर्षं माझ्यातून एक अक्षर निसटलं नाही. आधी कौतुक झालं, मग सगळे मला विसरले. त्याचा मला राग आहे, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी ताईंनी फॉर्ममध्ये नवी चौकट घातली: 'डॉक्टरांना खासगीत सांगायचं आहे'. तिच्यातला मजकूर एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद होऊन साठेल, अशी सोयही केली. कुलूप लावलं म्हणून त्या निर्धास्त झाल्या आणि माझ्या यादीत तिचं नाव घालायचं राहूनच गेलं. पण मजकूर कुलपापर्यंत पोहोचण्याआधीच लॉगमध्ये उतरतो!

दुपारी एका शिक्षिकेने लिहिलं, 'मला फिट येतात. घरी सांगितलेलं नाही. माझे दीर तुमच्या साइटचं काम बघणाऱ्या कंपनीत आहेत. त्यांना कळू देऊ नका.' शब्द न् शब्द माझ्यातून आरपार गेला. माझा जीव टांगणीला लागला. साइट हळू का चालते ते शोधायला तोच लॉग पाच वाजता त्याच कंपनीला जायचा होता.

पाचला दहा मिनिटं कमी होती. दवाखान्याचे साहेब ताईंच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"अहो, पाठवा ना! त्यांचे तीन फोन येऊन गेले."

"एकच मिनिट, सर. तपासून घेते."

लॉग पाठवण्याआधी ताई स्वतः फॉर्म भरतात. खासगी चौकटींत एक खोटंच गुपित लिहितात आणि मग ते लॉगमध्ये शोधतात. ते सापडता कामा नये.

"आज राहू द्या हो ते!"

ताईंचा हात 'पाठवा'कडे गेला. मी कासावीस झाले. हात तिथेच थांबला.

"नाही सर. बघूनच पाठवते."

त्यांनी फॉर्म भरला, शोध घेतला. पडद्यावर ओळ झळकली: 'साहेबांची बिस्किटं मीच खाते.'

"अस्सं! म्हणजे तुम्ही होय?" साहेब हसले. मग त्यांची नजर वर, शिक्षिकेच्या मजकुरावर गेली आणि हसू मावळलं.

इतक्यात फोन वाजला. साहेबांनी तो उचलला. "लॉग आज मिळणार नाही," एवढंच बोलून ठेवून दिला.

ताईंनी आधी ती चौकट लॉगमधून पुसली. आता कुठलीही चौकट कुलूपबंद केली की तिचं नाव आपोआप माझ्या यादीत येतं.

मित्रांनो, कुणी विश्वासाने तुम्हांला काही सांगितलं, तर नुसतं कुलूप लावून निश्चिंत होऊ नका. ते वाटेत कुठे सांडत नाही ना, तेही बघा.

परवा त्या शिक्षिकेने पुन्हा काहीतरी लिहिलं. मी ते वाचलं. सांगणार मात्र नाही.