भरलेला फिंजान

मंगळवारी सकाळी दहा वाजता अबू मुतलकने मला कॉफीने भरलेले तसेच टेबलावर ठेवले आणि ओठ लावला नाही. बुधवारी पहाटे कारखान्यात दुधाची एकही गाडी आली नाही.

मित्रांनो, मी एक जुना फिंजान आहे. फिंजान म्हणजे कडू कॉफीचा बिनकानाचा पेला, मुठीत मावेल एवढा. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे आणि पोटावरची सोनेरी रेघ धुवून धुवून पुसट झाली आहे. चिनी मातीच्या भट्टीतून मी निघालो, पण कामाला लागलो ते करक गावच्या बाजारातून भावंडांसह या जमीदच्या कारखान्यात आलो तेव्हा. इथे मेंढीचे दूध तापवतात, विरजतात, घुसळतात. मग ताकाचा चक्का मिठात मळून त्याचे गोळे उन्हात वाळवतात, तेच जमीद. दूध मिळते ते वसंतात. ते दिवस हुकले, तर वर्षभर कारखान्याला कुलूप.

जुने व्यवस्थापक अबू रफीक मला फार जपत. त्यांच्याकडे कुणी काही मागायला आला, की कॉफी हातात घेई आणि न पिता मला खाली ठेवी. म्हणजे मागणे आहे. अबू रफीक ऐकून घेत, कधी तासभर वाद घालत आणि शेवटी म्हणत, "पी बाबा, तुझं काम झालं." मगच मी त्या माणसाच्या ओठांना लागे. "हा फिंजान भरलेला परत गेला तर मी घरी बसेन," असे ते सांगत. म्हातारपणाने ते घरी बसले, तोवर मी एकदाही भरलेला परत गेलो नव्हतो.

त्यांच्या जागी ट्युनिसहून दुर्रा मॅडम आल्या. बाई कामाला वाघ. सगळ्यांच्या आधी येत, सगळ्यांनंतर जात. ओल्या फरशीवर कामगार घसरतात हे पाहून त्यांनी पहिल्याच आठवड्यात सर्वांना रबरी बूट आणले. भाषा अरबीच, त्यामुळे इथले आपल्याला सगळे कळते असे त्यांना वाटे. परक्या भाषेच्या मुलखातून आल्या असत्या तर कदाचित त्यांनी चार गोष्टी विचारल्या असत्या.

दूध तापवणारा नायेफ चुलतभाऊ गेल्याचा निरोप येताच कढई तशीच सोडून धावला. दूध करपले, कढईचा तळ काळा पडला. मॅडमनी त्याला कामावरून काढले. अबू मुतलक आला तो त्याच्यासाठी. तो ना नायेफच्या कुळातला, ना त्याच्या नात्यातला. साऱ्या मेंढपाळांच्या वतीने दूध घालणारा, भारदस्त म्हातारा. परक्या कुळातल्या पोरासाठी त्याने मला खाली ठेवले, ही काही लहान गोष्ट नव्हती.

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. "आवडली नाही का? कडू आहे खरी. मलाही नाही जात." त्यांनी मला उचलले, माझ्यातली कॉफी मोरीत ओतली आणि त्याच्यापुढे पुदिन्याचा गोड चहा ठेवला, वर चिलगोजे तरंगणारा. त्यांच्या गावी मानाच्या पाहुण्याला असाच देतात. बाईंनी तो प्रेमाने केला होता, हे मी शपथेवर सांगेन.

अबू मुतलकने चहाकडे पाहिले, काठी घेतली आणि एवढेच म्हणाला, "बाई, तुमचं घर भरलेलं राहो." मग तो निघून गेला.

मी दोन दिवस भांड्यांच्या ढिगात पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी हिशेब पाहणारी नादिया रजेवरून आली, तिने सगळे ऐकले आणि कपाळावर हात मारला.

"ओतली? मॅडम, मोरीत ओतली?"

"मग काय, गार झालेली द्यायची होती?"

नादियाने समजावले, तेव्हा मॅडम खुर्चीत बसूनच राहिल्या. "तो तोंडानं का नाही बोलला?"

"बोललाच ना. तुम्ही धुवून टाकलंत."

पुढे जे घडले ते सांगताना मला अजून हसू येते. दुसऱ्या दिवशी मिठाचा विक्रेता आला. त्याच्यापुढे मीच होतो, आणि त्याने मला हात लावला नाही. मॅडम ताडकन उठल्या, छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "प्या! तुमचं काम झालं!"

विक्रेता गोंधळला. "मला आम्लपित्त आहे, मॅडम. पण काम झालंच असेल, तर गाडी मागवू?"

मॅडमनी शब्द फिरवला नाही. मिठाचा डोंगर अजून अंगणात आहे. पोरे त्याला 'मॅडमचा गड' म्हणतात. "मॅडम, आज मी कॉफी घेतली नाही, पगार वाढवता का?" असे एकाने तोंडावर विचारले, तेव्हा मॅडमच सगळ्यांत मोठ्याने हसल्या. त्या दिवसापासून कामगार त्यांच्याशी बोलू लागले. निरोप आला की माणसाला लगेच का निघावे लागते, न गेल्यास लोक काय म्हणतात, हे त्यांनी भट्टीपाशी उभे राहून एकेकाला विचारले. दूध मात्र येत नव्हते.

काल त्यांनी मला रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले. नादिया म्हणाली, "त्यांच्याकडे फिंजान नसतील का?"

"असतील. पण अपमान याचा झालाय."

मित्रांनो, आम्ही भांडी तुमच्या हातात असतो. टवका उडाला तरी आम्ही चालवून घेतो. पण कुणी आम्हाला तुमच्यापुढे भरलेले ठेवून गप्प बसला, तर मोरीकडे नेण्याआधी त्याला विचारा. कॉफी आवडली नसेल, पोटात दुखत असेल, किंवा त्याला काही मागायचे असेल. यातले काय, ते आम्हाला पाहून कळत नाही.

आज आम्ही त्याच्या तंबूत गेलो, तेव्हा अबू मुतलकने मला ओळखले. पितळी किटलीतून त्याने माझ्यात कॉफी ओतली. मॅडमनी मला सतरंजीवर ठेवले, न पिता.

"शिकलीस म्हणायची," म्हातारा म्हणाला. "मीठही शिकलीस असं ऐकलं."

"तेही महागात शिकले. अबू मुतलक, दूध पाठवा."

"आणि नायेफ?"

"नायेफ परत येईल. पण भट्टीवर यापुढे दोघं असतील."

म्हाताऱ्याच्या भुवया चढल्या. "म्हणजे पोरावर पहारा बसवणार?"

"पहारा नाही. निरोप आला की एकानं जायचं, एकानं थांबायचं. माती द्यायला जायचं की कढई राखायची, हा पेच कुणालाच नको. कुणी जायचं ते तेच ठरवतील, मी नाही."

"एकाच घरातलं मरण असलं दोघांना, तर?"

"तर कढईजवळ मी उभी राहीन."

अबू मुतलक दाढी कुरवाळत राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग बाहेर मेंढ्यांकडे. नायेफ तिथेच कुंपणाला टेकून उभा होता, आत न येता.

पडद्यामागून त्याच्या बायकोचा, उम्म मुतलकचा आवाज आला, "अहो, भात किती जणांचा टाकू? त्या पोराला धरून की सोडून?"

म्हाताऱ्याने अजून उत्तर दिलेले नाही. माझ्यातली वाफ गेली आहे आणि मी काठापर्यंत भरलेला आहे.