एकशे तेरावा खळगा

तेलंगणातल्या बेला गावाजवळच्या टेकडीवर, कातळात दगडाने ठोकून केलेले वाटीएवढे खळगे आहेत. हर्षदीप गुरुजींनी तीन वर्षांचे रविवार घालवून ते मोजले, मापले आणि पुरातत्त्व खात्याच्या फॉर्मात भरले: एकूण एकशे बारा. काळाच्या रकान्यात 'अतिप्राचीन'. जागा दाखवली होती तिथं शेळ्या चारणाऱ्या मोतीरामनं, आणि मोजताना फितीचं दुसरं टोकही तोच धरायचा. आषाढात मोतीराम वारला. त्यानंतर गुरुजींचं टेकडीवर जायला मन होईना.

दिवाळीनंतर गेले, तर खळगे निघाले एकशे तेरा. चष्मा पुसून पुन्हा मोजले. मग प्रत्येक खळग्यात एकेक शेंगदाणा ठेवला आणि शेंगदाणे मोजले. तेही एकशे तेरा. शुक्रवारी हैदराबादहून साहेब तपासायला येणार होते. त्यांच्या सहीनं टेकडी संरक्षित यादीत गेली तर ठीक, नाहीतर खडीवाले टपलेलेच होते. त्या जास्तीच्या खळग्याला गुरुजींनी तीन दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या.

साहेबांनी तो पाच मिनिटांत शोधला. आतला दगड अजून पांढरा होता.

"ये तो नया है. किसने किया?"

"म्या केला," शेळ्या घेऊन आलेली प्रयागबाई म्हणाली. प्रयागबाई म्हणजे मोतीरामची बायको.

"काऊन वो?" गुरुजींनी विचारलं.

"आमच्या वस्तीत माणूस गेला का घरची बाई एक ठोकते. तो माह्या सासऱ्याचा. तो आजेसासूचा. तिकडचे कोनाचे, ठावूक नाई. हा आमच्या यांचा."

नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. गुरुजींना स्वतःची भयंकर लाज वाटली.

साहेबांनी फॉर्म चाळला. जिवंत माणसं अजून वापरताहेत अशा जागेसाठी त्यात रकाना नव्हता. "नुकसानवाले खाने में डाल दीजिए," ते म्हणाले. गुरुजींनी तिथं 'निरंक' लिहिलं आणि काळाच्या रकान्यात 'अतिप्राचीन'पुढे 'ते गेला आषाढ' एवढं जोडलं. साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली.

"ठीक है. लेकिन नंबर पक्का चाहिए. कितने?"

गुरुजींनी प्रयागबाईकडे पाहिलं.

"पक्का कसा सांगू?" ती म्हणाली. "मी हाये ना अजून."

गुरुजींनी लिहिलं, 'एकशे तेरा, तूर्तास.' साहेबांनी पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.

एकशे तेराव्याचं माप तेवढं राहिलं होतं. गुरुजींनी फीत काढली. दुसरं टोक प्रयागबाईनं धरलं.