नकाशातून गेलेलं पाणी

खाणीच्या कचेरीसमोर सकाळपासून शे-दीडशे माणसं नारळ-लिंबं घेऊन उभी होती. भिंतीवरच्या नकाशातून पाणी नाहीसं झालं होतं.

भंडारा जिल्ह्यातल्या चिखला गावापलीकडच्या त्या लहानशा खासगी मँगनीज खाणीत एक जुना बोगदा पाण्याने तुडुंब भरलेला होता. तो कुठवर जातो हे सर्व्हेअरने तीन महिने मापं घेऊन शोधलं, आणि नकाशे काढणाऱ्या ललिताबाईंनी ते लाल शाईने भिंतीवरच्या नकाशात भरलं. मग सर्व्हेअरची बदली झाली, आणि या सोमवारी रेघाच जागेवर नव्हत्या. आपण काढल्या होत्या ना, अशी क्षणभर ललिताबाईंनाच शंका आली.

चिंधू महाराजांना शंका नव्हती. वरठीला सायकलींचे पंक्चर काढताना या गृहस्थांना साक्षात्कार झाला, आणि तेव्हापासून ते ट्यूबऐवजी माणसांत हवा भरत. खाणीतल्या देवीमायनं रेघा पुसल्या, म्हणजे पाणीही पिऊन टाकलं, असं त्यांनी जाहीर केलं. पुरावा म्हणून पिवळ्या कागदावर ओल्या बोटाने लाल रेघा ओढल्या, तीर्थ शिंपडलं आणि रेघा गेल्या. लोकांनी हात जोडले. मॅनेजरनेही जोडले, कारण त्याच बाजूला माल भरपूर होता. उद्या पहिल्या पाळीत तिथे सुरुंग लावायचा हुकूम निघाला. त्या पाळीत ललिताबाईंचा नवरा भोजराज होता.

ललिताबाई नकाशाजवळ गेल्या. कागद करकरीत होता. त्यांच्या हातून सांडलेल्या शाईचा डागही त्यावर नव्हता. कोपऱ्यात नागपूरच्या मुख्य कचेरीचा, मागच्याच आठवड्याचा शिक्का. त्यांनी झाडलोट करणाऱ्या रंभाबाईला विचारलं.

"नागपूरहून नवा आला, तो लावला. जुना मोडीच्या खोलीत टाकला," रंभाबाई म्हणाली. "मले कोणी विचारलंच नाही."

मूळ नकाशा नागपुरात होता आणि या रेघा तिथे कोणी कळवल्याच नव्हत्या. मुळावरून नवी प्रत छापली गेली, जुनीच्या जागी टांगली गेली, आणि तीन महिन्यांचं काम गुंडाळून मोडीत गेलं.

जुना नकाशा ललिताबाईंनी मोडीतून काढून कचेरीच्या ओसरीवर लोकांसमोर पसरला. सगळ्या लाल रेघा जिथल्या तिथे होत्या.

"कागदात पाहू नको, बाई, भक्तीत पाहा," महाराज म्हणाले.

ललिताबाईंनी त्यांचाच पिवळा कागद उचलला, एका मजुराच्या डबीतला चुना बोटाने त्यावर ओढला. लाल रेघ उमटली. नारळांजवळचं लिंबू कापून पिळलं. रेघ गेली.

"कागदाला हळद, बोटाला चुना अन् तीर्थात लिंबू," त्या म्हणाल्या. मग मॅनेजरकडे वळल्या. "साहेब, सुरुंगाआधी एक बारीक भोक पाडून पाहा. पाणी नसलं तर मले घरी बसवा."

एवढ्या लोकांसमोर मॅनेजरला नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी भोजराजने ड्रिलला लांब सळई लावून भोक पाडलं. अकराव्या फुटाला पाण्याची अशी चिळकांडी सुटली की दोन माणसं मागे फेकली गेली. लाकडी खुंटी ठोकून भोक बुजवलं. सुरुंग असता तर पाळीतला एकही माणूस वर आला नसता. हे ऐकायला महाराज थांबले नव्हते. एसटीच्या पहिल्या गाडीने ते भंडाऱ्याला निघून गेले होते.

ललिताबाईंनी त्याच दिवशी रेघांची नक्कल काढून मूळ नकाशात भरायला नागपूरला पाठवली. पाळी सुटल्यावर बाया त्यांच्याभोवती जमल्या, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं:

"काही गायब झालं म्हणून कोणाच्या पाया पडू नका. जुना कागद कुठं आहे, नवा कोणी लावला, हे पहिले विचारा. कागद बदलल्यानं जमिनीतलं पाणी हालत नाही."