तिरक्या रेघा

माझ्या ताईचा नवरा ट्रम्पेट वाजवतो आणि उरलेल्या वेळात थापा मारतो. मी पंधरा वर्षं दातांच्या दवाखान्यात लोकांचं कीटण काढतेय, त्यामुळे खोटं बोलणारी तोंडं मला आतूनसुद्धा ओळखू येतात. हिरड्यांच्या कडेला पिवळा थर सायीसारखा धरलेला असतो, तरी माणूस तोंड वर करून सांगतो, "रोज दोनदा घासतो हो!"

भाऊजींचा पुढचा एक दात बसवलेला आहे. हाडात धातूचा स्क्रू आणि त्यावर दात. ट्रम्पेट ओठांवर टेकतं ते नेमकं तिथेच. तो दात गेला की वाजवणं गेलं, आणि वाजवण्याखेरीज या माणसाला काडीचं काही येत नाही. घरातला दिवासुद्धा ताई बदलते.

महिन्यापूर्वी त्या दाताभोवती रक्त यायला लागलं. हिरडी मागे सरून धातूची मान उघडी पडली. धातूला कीड लागत नाही, पण जंतू त्याच्यावरही थर धरतात आणि तो थर आत उतरला की हाड पोखरतो. मी ताईला फोनवर चांगलं ऐकवलं. "धातूला काय होतंय, म्हणून घासतच नसणार. आळशी मेला."

"अगं, घासतात ते. पंधरा-पंधरा मिनिटं आरशासमोर उभे असतात."

"स्वतःचं तोंड बघत असतील."

आज भाऊजींबरोबर मी मुद्दाम ताईलाही दवाखान्यात बोलावून घेतलं. तिच्यादेखत त्यांची फजिती करायची होती, उगाच नाही कशाला म्हणू? आमच्याकडे दातांना लावायचा एक गुलाबी रंग असतो. थर असेल तिथे तो चिकटतो, स्वच्छ जागेवरून चूळ भरली की निघून जातो. मी हात न राखता फासला.

"भरा चूळ. आता कळेल सगळ्यांना."

भाऊजींनी चूळ भरून ओठ वर ओढला. सगळे दात पांढरे. फटीसुद्धा पांढऱ्या. इतकं स्वच्छ तोंड मी या वर्षात पाहिलं नव्हतं आणि मला त्याचा रागच आला. रंग फक्त धातूच्या मानेवर होता. बारीक गुलाबी रेघा, एकीला लागून एक, सगळ्या एकाच बाजूला तिरक्या.

आमच्या डॉक्टर बाई वाकून बघत राहिल्या. "हे ओरखडे आहेत. स्टीलच्या हत्याराचे. यांच्यात थर बसला की ब्रशनं निघत नाही, कितीही घासा." मग त्यांनी दात बोटानं हलवला. "स्क्रू सैल झालाय. आजच काढावा लागेल."

मांडीवर ताल धरलेली भाऊजींची बोटं थांबली.

अशा दातांसाठी आमच्या दुसऱ्या खणात निळी प्लास्टिकची हत्यारं आहेत. त्यांनी काम हळू होतं. बाकी सगळ्यांना मी तीच वापरते. पण हा माणूस दात बसवल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी खुर्चीत बसून कार्यक्रमांच्या बढाया मारायचा. याच्यासाठी कोण अर्धा तास घासत बसणार, म्हणून मी हाताशी असेल ते स्टील घ्यायची. एकदा त्यांनी विचारलंही होतं, "माझ्या आधीच्या बाईंना निळं आणि मला हे चकचकीत, असं का गं?" मी म्हणाले होते, "तुम्हाला तेवढंच पुरे." ते हसले होते.

रेघा डावीकडे झुकल्या होत्या. दवाखान्यात डावरी मी एकटीच.

"कुणी केलं हे?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "बाहेरगावी कार्यक्रम होता ना, तिथे एकाकडे साफ करून घेतलं. नाव नाही आठवत बुवा."

"कधी हो?" ताई म्हणाली.

इतकी कच्ची थाप त्यांनी आजवर मारली नव्हती. आणि ती माझी नोकरी राहावी म्हणून होती. मला त्यांची किळस यायची, तशी आता स्वतःची आली.

"खोटं बोलू नका, भाऊजी," मी म्हणाले. आवाजही नेहमीचाच निघाला, तुसडा. "माझं काम आहे ते. चारही वेळा."

डॉक्टर बाईंनी हातमोजे बदलले आणि स्क्रू काढायचा पाना मागितला. तो देणं माझंच काम होतं.